रक्तातलं तांबं, रक्तातलं जस्त

(सानगडी, ता. साकोली, जि. भंडारा येथे बचतगटातल्या बाया, आशाताई आणि आजूबाजूच्या गावांतल्या कार्यकर्त्या यांच्यापुढे केलेलं भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय मी निवडलेला नाही. तुमच्यातल्याच एकीने तो माझ्या हातात आणून दिला. गेल्या महिन्यात ती एक कागद घेऊन माझ्याकडे आली. तिच्या धाकट्या जावेला ब्लड कॅन्सर झाला आहे, ल्युकेमिया. नागपूरला उपचार चालू आहेत. मध्येच कुणीतरी सांगितलं म्हणून घरच्यांनी एका खासगी लॅबमध्ये तिच्या रक्ताची आणखी एक तपासणी करून घेतली. त्या कागदावर रक्तातल्या सूक्ष्म मूलद्रव्यांची यादी होती. तांबं, जस्त, सेलेनियम, मँगनीज, लोह. तांब्यापुढे वर जाणारा बाण, जस्त आणि सेलेनियमपुढे खाली येणारा. तपासणीचे साडेतीन हजार रुपये झाले आणि त्यावर जी पावडर घ्यायला सांगितली तिचे महिन्याला दोन हजार. त्यासाठी जावेचं डोरलं गहाण पडलं.

ती मला विचारत होती, "ताई, आमी तांब्याच्या गुंडातलं पानी पितो, त्यानं तर नाई झालं?" सासूचं म्हणणं वेगळं. सुनेने दुसऱ्या बाळंतपणानंतर सासूला न विचारता तांबी बसवून घेतली, म्हणून हे झालं. नवऱ्याचं म्हणणं, ती वेळेवर खात नव्हती. रोग एकीच्या अंगात, आणि गुंड, तांबी, ताट या तिन्हींचा दोष तिच्याच पदरात.

मी डॉक्टर नाही. रुग्ण आणि नातेवाईक यांच्याबरोबर काम करताना जे विचारून, वाचून, तपासून घेतलं ते तुमच्यापुढे ठेवते. या कागदावरच्या बाणांचा अर्थ काय, त्यावरून रोग्याचं पुढे काय होणार ते कळतं का, आणि कळत नसेल तर ते कशावर ठरतं, एवढंच आज बोलायचं आहे.

भंडारा म्हणजे पितळेच्या भांड्यांचा जिल्हा. पितळ कशाचं होतं हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. तांबं आणि जस्त. प्रमाण बदललं की रंग बदलतो, कडकपणा बदलतो. आपल्या रक्तातही हे दोन्ही धातू असतात. निरोगी माणसाच्या रक्तद्रवात १०० मिलिलिटरमागे तांबं साधारण ७० ते १४० मायक्रोग्रॅम आणि जस्त साधारण ७० ते १२०. मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग. म्हणून यांना सूक्ष्म मूलद्रव्ये म्हणायचं. इतकी थोडी असूनही त्यांच्यावाचून चालत नाही. जस्त नसेल तर जखम भरत नाही, रोगाशी लढणाऱ्या पेशी नीट तयार होत नाहीत. तांबं नसेल तर शरीराला लोह वापरता येत नाही.

आता ल्युकेमिया. आपलं रक्त हाडांच्या आतल्या मगजात, अस्थिमज्जेत तयार होतं. तिथे पांढऱ्या पेशींची एक जात बेसुमार वाढू लागते. पेशी पुऱ्या पिकत नाहीत, मरतही नाहीत, नुसत्या दाटी करतात. शेतात तणाने धान दाबावं तशा चांगल्या पेशी दबतात. लाल पेशी कमी पडल्या की दम लागतो, रंग पांढुरका पडतो. प्लेटलेट कमी पडल्या की रक्त थांबत नाही. कामाच्या पांढऱ्या पेशी कमी पडल्या की ताप उतरत नाही.

या रोगात तांबं वाढतं आणि जस्त उतरतं हे खरं आहे. त्या लॅबने आकडे खोटे लिहिले असं मी म्हणत नाही. १९६०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन रुग्णालयातल्या डॉक्टरांनी ल्युकेमिया आणि लिम्फोमाच्या रुग्णांचं तांबं वारंवार मोजलं. रोग जोरात असला की तांबं चढलेलं, औषधाने रोग आटोक्यात आला की ते उतरलेलं, रोग उलटला की पुन्हा चढलेलं. पुढे बऱ्याच देशांत असे अभ्यास झाले. तांबं आणि जस्त यांचं आपसातलं प्रमाण पाहिलं, तर रोग भरात असताना ते दुपटीपर्यंत किंवा त्याच्याही वर गेलेलं दिसलं. ज्यांचं प्रमाण जास्त बिघडलेलं, ते रुग्ण जास्त आजारी.

पण हे होतं कसं, ते नीट समजून घ्या, कारण सगळी फसवणूक इथेच होते. शरीरात कुठेही मोठी जळजळ, मोठा रोग सुरू झाला की यकृत काही प्रथिनं जास्त बनवू लागतं. त्यातलं एक, सेरुलोप्लाझ्मिन, रक्तातलं तांबं वाहून नेतं. ते वाढलं की रक्तातलं तांबं वाढलेलं दिसतं. त्याच वेळी जस्त रक्तातून निघून यकृतात जाऊन बसतं, म्हणून रक्तात कमी दिसतं. हे क्षयरोगात होतं, सांध्यांच्या आजारात होतं, मोठ्या जंतुसंसर्गात होतं, ल्युकेमियातही होतं. तांबं रोगाच्या मागून चढलेलं आहे, रोग तांब्याच्या मागून आलेला नाही. थर्मामीटर गार पाण्यात बुडवला म्हणून अंगातला ताप उतरत नाही ना, तसंच नुसतं जस्त चारून या आकड्यांची बरोबरी केली तरी अस्थिमज्जेतला रोग आहे तिथेच राहतो.

मग मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर ही तपासणी का सांगत नाहीत? कारण आज त्यांच्याकडे याहून फार चांगल्या तपासण्या आहेत. मगज काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, पेशींवरच्या खुणा ओळखतात, गुणसूत्रांतला बदल शोधतात, आणि औषधानंतर हजारो पेशींत एखादी वाईट पेशी उरली आहे का तेही मोजतात. पन्नास वर्षांपूर्वी तांब्याचा आकडा उपयोगी वाटत होता, कारण यातलं बरंच काही नव्हतं.

बायांच्या बाबतीत तर या आकड्याची आणखी एक गंमत आहे. गरोदरपणात रक्तातलं तांबं आपोआप वाढतं, दिवस भरत येईपर्यंत जवळजवळ दुप्पट होतं. पाळणा लांबवण्याच्या गोळ्या घेणाऱ्या बाईचंही वाढतं. हा स्त्री-संप्रेरकांचा परिणाम. गरोदर आहे का, गोळ्या चालू आहेत का, हे न विचारता जो बाईचं तांबं मोजतो आणि वर बाण काढून तिला घाबरवतो, त्याला तुम्ही काय म्हणाल ते तुम्हीच ठरवा.

आणि तांबीचं. गर्भाशयातल्या तांबीतून दिवसाला जे तांबं सुटतं ते आपण रोजच्या जेवणातून खातो त्याच्या मानाने अगदी किरकोळ असतं. तांबीने ल्युकेमिया होतो असा कुठेही पुरावा नाही. तांबीबद्दल आपल्या चळवळीची जुनी तक्रार आहे, ती वेगळी. नीट तपासणी न करता बसवतात, अंगावरून जास्त गेलं तरी कुणी विचारत नाही, काढून मागितली तर टाळाटाळ करतात. ती तक्रार आपण सोडणार नाही. पण सुनेने स्वतःच्या मनाने पाळणा लांबवला याचा राग काढायला सासूच्या हाती कॅन्सरचं कोलीत द्यायचं नाही. गुंडातल्या पाण्याचंही तसंच. त्याने हा रोग होत नाही आणि त्याने तो बराही होत नाही.

"नीट खात नव्हती म्हणून झालं" हे तिसरं. लेडी मेहेरबाई टाटा हे नाव तुमच्यातल्या काहींनी ऐकलं असेल. सर दोराबजी टाटांच्या पत्नी. बालविवाहाला आळा घालणारा शारदा कायदा १९२९ मध्ये झाला, त्यासाठी त्यांनी खटपट केली होती. बायांच्या शिक्षणासाठी, पडदा जावा म्हणून त्या बोलत होत्या. १९३१ मध्ये त्या ल्युकेमियाने गेल्या. देशातल्या सर्वांत श्रीमंत घरांपैकी एक घर, खाण्यापिण्याची, डॉक्टरांची कसली कमतरता? इंग्लंड-वेल्सपर्यंत नेऊनही त्या वाचल्या नाहीत, कारण तेव्हा हा रोग बरा करणारं औषधच नव्हतं. दुसऱ्या वर्षी त्यांच्या नावाने ल्युकेमियाच्या संशोधनासाठी ट्रस्ट निघाला. तेव्हा ताटात काय होतं यावरून हा रोग कुणाला गाठेल ते ठरत नाही.

त्याच काळात, त्याच मुंबईत दुसरी एक गोष्ट घडत होती. ल्युसी विल्स नावाची इंग्रज बाई डॉक्टर १९२८च्या अखेरीस मुंबईला आली आणि परळच्या हाफकिन संस्थेत काम करू लागली. गिरणीत काम करणाऱ्या गरीब बाया गरोदरपणी भयंकर पांढऱ्या पडत आणि मरत, त्याचं कारण तिला शोधायचं होतं. तिने त्यांची घरं पाहिली, काय खातात ते पाहिलं. लोह देऊन या बाया बऱ्या होत नव्हत्या. यीस्टच्या अर्काने, मार्माइट नावाच्या स्वस्त पदार्थाने, झाल्या. १९३१ मध्ये तिने ते प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला गुण म्हणजे पुढे ज्याला फॉलिक ॲसिड नाव पडलं ते जीवनसत्त्व. आशाताई, तुम्ही गरोदर बाईला जी लाल गोळी देता तिच्यात लोहाबरोबर हेच असतं. त्या गोळीत मुंबईच्या गिरणी कामगार बायांचं रक्त आहे असं मला नेहमी वाटतं.

पण पुढचा भाग ऐका. १९४०च्या दशकात बोस्टनमध्ये सिडनी फार्बर नावाचे डॉक्टर ल्युकेमियाच्या मुलांवर उपचार शोधत होते. फॉलिक ॲसिडने रक्त वाढतं तर या मुलांनाही ते द्यावं असं वाटून त्यांनी त्याच जातीची द्रव्यं देऊन पाहिली. रोग कमी होण्याऐवजी जोरात वाढल्याचं त्यांना दिसलं. वाईट पेशींनाही वाढायला तेच हवं होतं. मग त्यांनी उलटा विचार केला, फॉलिक ॲसिडचं काम अडवणारं औषध द्यायचं. ते त्यांना मिळालं ते येल्लाप्रगडा सुब्बाराव या आंध्रातून गेलेल्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेतून. १९४८ मध्ये फार्बरनी लिहिलं की १६ मुलांपैकी १० मुलांत रोग काही काळ मागे हटला. मुलांच्या ल्युकेमियात औषधाने असं पहिल्यांदाच घडलं होतं. त्याच कुळातलं मेथोट्रेक्सेट आजही मुलांच्या ल्युकेमियात दिलं जातं.

हे मी का सांगते आहे? "टॉनिकच तर आहे, घेतलं तर काय बिघडलं?" हे वाक्य आपण रोज ऐकतो. बिघडू शकतं. मेथोट्रेक्सेट चालू असताना डॉक्टरांना न विचारता फॉलिक ॲसिड घेतलं तर औषधाचं काम अडू शकतं. वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णाच्या अंगात लोह आधीच साठत असतं, वरून लोहाच्या गोळ्या म्हणजे भर. आणि जस्त जास्त मात्रेत महिनोन्‌महिने घेत राहिलं तर अंगातलं तांबं फार उतरतं आणि त्यानेच लाल पेशी, पांढऱ्या पेशी कमी होतात. करोनाच्या वेळी घरोघर जस्ताच्या गोळ्या खाल्ल्या गेल्या, काहींना ती सवय लागून राहिली. आधीच रक्ताच्या रोगाने गांजलेल्या बाईला अशी पावडर देणं म्हणजे डॉक्टरांना चकवणं. पुढच्या तपासणीत पेशी घटल्या तर त्या रोगाने घटल्या की पावडरीने, हे ओळखायचं कसं?

मात्र इथून उठून कुणी गोळ्या वाटणं बंद करू नका. गरोदर बाईची लाल गोळी, शाळेतल्या मुलींची निळी गोळी, जुलाब झालेल्या बाळाला ओआरएसबरोबर चौदा दिवस जस्ताची गोळी, हे सगळं चालूच राहायला हवं. मी बोलते आहे ते ल्युकेमियाच्या रुग्णाबद्दल, आणि गोळ्या देऊनही जिचं रक्त वाढत नाही तिच्याबद्दल.

तिच्याबद्दल बोलताना मला एक गोष्ट सांगावीच लागेल. बरीच वर्षं मी ती कुठे बोलले नाही. इथून फार लांब नाही अशा एका गावात आम्ही बायांचं आरोग्य शिबिर घेतलं होतं. विडी वळणारी, सव्वीस वर्षांची एक बाई आली. हिमोग्लोबिन सहा. आमच्या भागात सहा-सात हिमोग्लोबिनवर धानाची रोवणी करणाऱ्या बाया आहेत, त्यामुळे आकडा पाहून कुणी दचकलं नाही. सिकलसेलची तपासणी केली, ती नव्हती. लोहाच्या गोळ्या दिल्या आणि महिन्याने ये म्हटलं. पाळी बारा दिवस झाले थांबत नाही असं ती म्हणाली होती, ते कागदावर लिहिलं, पण पुढे काही केलं नाही. तिच्या दंडावर आणि मांड्यांवर निळे-काळे डाग होते. ते मी पाहिले. मी तिला बाजूला घेतलं आणि विचारलं, नवरा मारतो का? ती नाही म्हणाली. मला वाटलं, सगळ्याच आधी नाही म्हणतात. मी तिला कायदा समजावून सांगितला, आमच्या केंद्राचा पत्ता दिला, तक्रार करायला घाबरू नको म्हणाले. ती नुसती ऐकत राहिली. जाताना म्हणाली, "बाई, तो नाई मारत. हात लावला तरी डाग पडते."

हे वाक्य माझ्या कानावर पडलं, पण मी ऐकलं नाही. माझ्याकडे डागांचं एकच उत्तर तयार होतं. तीन आठवड्यांनी हिरड्यांतून रक्त थांबेना तेव्हा घरच्यांनी तिला नागपूरला नेलं. तिसऱ्या दिवशी मेंदूत रक्तस्राव होऊन ती गेली. निदान हाती आलं होतं, ॲक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया.

आता या जातीबद्दल ऐका, म्हणजे मला ती गोष्ट का विसरता येत नाही ते कळेल. ल्युकेमियाची ही सर्वांत घाईची जात, दिवसांत माणूस जातो. आणि पहिले दिवस निभावले तर बरी होण्याची शक्यता सर्वांत चांगली अशा जातींपैकी हीच एक. तिचं औषध काय, तर सोमल. आर्सेनिक. तेही एक सूक्ष्म मूलद्रव्यच म्हणायचं, पण विषारी. १९७०च्या दशकात चीनमधल्या हार्बिन शहरातल्या डॉक्टरांना दिसलं की शुद्ध केलेला सोमल शिरेतून मोजून दिला तर या जातीचे रुग्ण बरे होतात. पुढे शांघायच्या डॉक्टरांनी अ जीवनसत्त्वापासून बनवलेलं एक औषध यावर वापरलं. आपल्याकडे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने १९९८ पासून, ज्या रुग्णांना महागडे उपचार परवडत नव्हते त्यांना एकट्या सोमलावर ठेवलं. ७२ रुग्णांपैकी ८६ टक्क्यांचा रोग पूर्ण आटोक्यात आला. २०१३ मध्ये युरोपातून आलेल्या अभ्यासात सोमल आणि ते अ जीवनसत्त्वाचं औषध मिळून दिलेले, फार धोका नसलेले रुग्ण दोन वर्षांनी जवळजवळ सगळे जिवंत होते, तेही नेहमीच्या केमोथेरपीशिवाय.

सोमल म्हटल्यावर कुणाला वैदूची पुडी आठवेल, म्हणून सांगते. हे औषध देताना वारंवार हृदयाचा आलेख बघतात, रक्तातलं पोटॅशियम आणि मॅग्नेशियम सांभाळतात. पुडीतला सोमल मारतो.

रुग्णाचं पुढे काय होणार हे ठरतं ते आधी जातीवर. लहान मुलांत जास्त दिसणारी लिम्फोब्लास्टिक जात घ्या. श्रीमंत देशांत या मुलांपैकी दहातली नऊ आज बरी होतात. उपचार दोन-अडीच वर्षांचा, मध्ये सोडला तर रोग उलटतो. मोठ्यांत दिसणारी एक सावकाश वाढणारी जात आहे, क्रॉनिक मायलॉइड. तिच्यावर २००१ मध्ये इमॅटिनिब ही गोळी आली आणि रोज गोळी घेऊन माणसं वर्षानुवर्षं कामधंदा करू लागली. पण कंपनीच्या गोळीचा खर्च महिन्याला लाखाच्या वर होता आणि आपल्या देशी कंपन्यांची तीच गोळी आठ-दहा हजारांत मिळत होती. पेटंटवरून खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन कंपनीविरुद्ध उभी होती. १ एप्रिल २०१३ रोजी न्यायालयाने कंपनीला पेटंट नाकारलं. रुग्णाचं आयुष्य रक्तातल्या धातूंवर ठरतं त्याहून किती तरी जास्त अशा निकालांवर ठरतं.

आणि रुग्ण मुलगा आहे की मुलगी यावरही. २०२२ मध्ये लॅन्सेट ऑन्कॉलॉजी या वैद्यकीय नियतकालिकात आपल्या देशातल्या मुलांच्या कॅन्सरचा अभ्यास आला. मुलग्यांत काही कॅन्सर निसर्गतःच थोडे जास्त होतात, ते धरूनही दवाखान्यात पोचणाऱ्या मुली फारच कमी निघाल्या. दवाखाना शंभर किलोमीटरच्या पलीकडे असला किंवा उपचार महाग असला की ही तफावत वाढते. सानगडीहून नागपूर शंभराच्या पुढेच आहे, मैत्रिणींनो. ज्या मुली पोचल्याच नाहीत त्यांच्या रक्तात तांबं किती होतं ते कुणी मोजलेलं नाही. गावात त्यांची नोंद काय होते? "ताप आला आणि गेली."

म्हणून काय लक्षात ठेवायचं ते सांगते, आशाताईंनी लिहून घ्या. गोळ्या घेऊनही पांढुरकी राहणारी, पंधरा दिवस ताप न उतरणारी, मार न लागता अंगावर निळे डाग किंवा लाल टिकल्या पडणारी, हिरड्यांतून, नाकातून रक्त जाणारी, अचानक पाळी न थांबणारी, हाडं दुखतात म्हणून रडणारी मुलगी किंवा बाई दिसली, तर आधी साधी सीबीसी आणि रक्ताची काच. फार मोठी तपासणी नाही, सरकारी दवाखान्यात होते. पांढऱ्या पेशी चार ते अकरा हजारांत आहेत का, प्लेटलेट दीड लाखाच्या वर आहेत का, हे दोन आकडे वाचायला आपण सगळ्यांनी शिकायचं. रक्त वाहत असेल तर उद्यावर टाकायचं नाही. आणि डाग दिसले तर नवरा मारतो का हे जरूर विचारा. पण ती नाही म्हणाली तर रक्तही तपासा. दोन्ही करा.

आता खाण्याबद्दल, कारण पावडर घेऊ नका म्हटल्यावर "मग काय द्यायचं?" हा प्रश्न येणारच. खाण्याने रोग होत नाही, पण उपचार झेपतो की नाही ते खाण्यावर बरंच अवलंबून असतं. ग्वाटेमालात डॉक्टरांनी पाहिलं की कुपोषित असलेल्या ल्युकेमियाच्या मुलांचं पोषण पहिल्या सहा महिन्यांत सुधारलं तर ती मुलं पहिल्यापासून धडधाकट असलेल्या मुलांइतकीच जगली. इकडे आमच्या घरांत काय होतं? कॅन्सर म्हटला की पथ्य सुरू. अंडं गरम, मासोळी बंद, डाळ जड, उरला भाताचा पेज. जस्त जिथून मिळतं नेमकं तेच काढून घ्यायचं आणि जस्ताची पावडर विकत आणायची. तलावाची मासोळी, उकडलेलं अंडं, डाळ, शेंगदाणे, दूध, सगळं द्या. मात्र ताजं, पूर्ण शिजवलेलं, उकळलेल्या पाण्यातलं, कारण उपचाराच्या काळात जंतूंशी लढायला तिच्याकडे पेशी नसतात. उघड्यावरचं आणि कच्चं नको. आणि तिला पहिल्या पंगतीला बसवा. आजारी बाईसुद्धा सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खाते हे मी कॅन्सर वॉर्डाच्या व्हरांड्यातही पाहिलं आहे. नातेवाईक डब्यातलं जेवतात आणि ती त्यांना वाढते.

पैशाचं थोडक्यात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार येतात. २०२३ मध्ये शासनाने हे संरक्षण कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत नेण्याचा निर्णय घेतला. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला रेशनकार्ड आणि आधार दाखवायचं. मुलीचं नाव रेशनकार्डावर नसतं म्हणून किती फेऱ्या होतात ते मला विचारा, आधी घरी जाऊन ते पाहा. कॅन्सरच्या रुग्णाला आणि एका सोबत्याला रेल्वेच्या भाड्यात सवलत आहे, रुग्णाला एसटीतही आहे. मुंबईला टाटा रुग्णालयात जावं लागलं तर गोंदियाहून येणारी विदर्भ एक्स्प्रेस भंडारा रोडला मिळते, आणि तिथे दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा रुग्णांसाठीच आहे.

त्या जावेचं सांगायचं राहिलं. पावडर बंद केली आहे. तिच्या डॉक्टरांना आम्ही तो कागद आणि पावडरीचा डबा, दोन्ही दाखवलं. गेल्या महिन्यातली फेरी तिच्या जावेनेच केली. आता रोवणीचे दिवस आहेत, घरात दोन लहान पोरं आहेत, आणि नवरा म्हणतो एवढी एक फेरी राहू द्या, पुढच्या वेळी जाऊ. फेरी येत्या मंगळवारी आहे. सकाळी साकोलीहून एसटी. एक जण तिच्याबरोबर जायला हवी आणि एक जण दोन दिवस पोरांकडे. कोण जाणार ते इथून उठण्याआधी ठरवू या.